क्लबची सभा दर आठवड्याला हवी की महिन्यातून दोनदा पुरे?

नोंदवही

नमस्कार मंडळी. लहान गावातल्या एका सेवाक्लबची, म्हणजे रोटरी-लायन्ससारख्या क्लबची, मी यंदा सचिव आहे. सभासद म्हणून हे अकरावं वर्ष. आम्ही चौतीस जण आहोत. पुढच्या महिन्यात आमच्यापुढे एक ठराव येतोय : दर आठवड्याची सभा बंद करायची आणि महिन्यातून दोनदाच भेटायचं. ठराव मांडणारे माझे जवळचे सहकारी आहेत आणि त्यांची कारणं खरी आहेत. हजेरी घसरलीय, वक्ते मिळत नाहीत, तरुणांना वेळ नाही. तरी मला तो ठराव नको आहे. का नको ते इथे नीट मांडून बघते. इतर क्लबांत काय चाललंय तेही ऐकायचं आहे.

ज्यांनी अशी सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अध्यक्ष घंटा वाजवतात. पाहुण्यांची ओळख, वाढदिवस, माझी निवेदनं, मग वीस-पंचवीस मिनिटं वक्ता, प्रश्न, आभार आणि पुन्हा घंटा. कागदावर तासाभराचा कार्यक्रम. पण दुसऱ्या घंटेनंतर कोणी लगेच निघत नाही. खुर्च्या वळतात, कोपऱ्यात दोघं, दाराशी चौघं असे घोळके होतात. आमची अर्धी कामं तिथे ठरतात. शाळेतल्या मुलांची डोळे तपासणी, वाचनालयाचं छप्पर, पुरानंतरची धावपळ, यातलं एकही काम कार्यक्रमपत्रिकेवरच्या विषयातून सुरू झालेलं मला आठवत नाही. कोणीतरी कोणालातरी दाराशी गाठलं आणि सुरुवात झाली.

पण मी भांडतेय ते त्यासाठी नाही.

चार वर्षांपूर्वी आमचे एक ज्येष्ठ सभासद लागोपाठ दोन सभांना आले नाहीत. न कळवता गैरहजर राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या सभेनंतर आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळ उलटून गेलेली, पण घरात दिवा नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी दार उघडलं. त्यांच्या पत्नीला जाऊन सहा महिने झाले होते आणि विचारपूस करायला येणारी माणसं कधीच यायची थांबली होती. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडून दिल्या होत्या, जेवण जेमतेम होतं, आणि ‘कशासाठी’ हा एकच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आमच्यातलेच डॉक्टर त्या रात्री त्यांच्याकडे थांबले. पुढचे तीन महिने आम्ही पाळ्या लावल्या. ते आज दर आठवड्याला येतात आणि माझ्या शेजारी बसतात.

आता हिशेब करा. आठवड्याची सभा असल्यामुळे दोन चुकल्या म्हणजे दोन आठवडे. महिन्यातून दोनदा भेटत असतो तर दोन चुकायला महिना लागला असता, आणि एका चुकण्यावरून कोणी घरी गेलं नसतं.

हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे असतं. पूर्वी मला ते टक्केवारी काढायचं कंटाळवाणं काम वाटायचं. आता मी ते उलटं वाचते, कोण आलं नाही ते आधी बघते.

जुना सभासद

चांगला विषय काढलात. माझी चाळीस वर्षं या क्लबांत गेली. थोडा इतिहास सांगतो, कारण तो तुमच्या बाजूचा आहे.

रोटरीची पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत, युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत झाली. माणसं चार. पॉल हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, गुस्ताव्हस लोअर खाण अभियंता आणि हायरम शोरी शिंपीकामाच्या धंद्यातला. हॅरिस व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या लहानशा गावात आजी-आजोबांकडे वाढला होता. शिकागोत त्याची वकिली चालली, ओळखी पुष्कळ झाल्या, पण जिवाभावाचं कोणी नव्हतं. आपल्या गावात माणसं एकमेकांना जशी ओळखत तसं काहीतरी त्याला शहरात हवं होतं. म्हणजे गंमत बघा, आज आपण ज्याला छोट्या गावातला क्लब म्हणतो त्याची मूळ कल्पनाच छोट्या गावाच्या आठवणीतून निघालेली आहे. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे, जागा फिरती (इंग्रजीत ‘रोटेट’), म्हणून नाव रोटरी.

महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला त्यात समाजसेवा नव्हती. मैत्री आणि एकमेकांना धंदा मिळवून देणं, एवढंच. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाला सभासद होण्याविषयी विचारलं तेव्हा त्याने आक्षेप घेतला की फक्त आपल्यापुरतं पाहणारी संस्था फार टिकणार नाही. मग १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून क्लबाने पुढाकार घेतला. पहिलं लोकोपयोगी काम ते. त्याआधीची दोन वर्षं ही माणसं नुसती भेटत होती. पुढचं सगळं त्या भेटण्यावर उभं राहिलं.

सभेत गाणी म्हणायची पद्धतही त्याच काळातली. हॅरी रगल्स नावाचा मुद्रक पाचवा सभासद म्हणून आला आणि तो सगळ्यांना गायला लावायचा.

पायवाट

मी ठरावाच्या बाजूचा आहे. मनापासून लिहितोय, राग मानू नका.

वय एकतीस. माझी नोकरी पाळ्यांची, पत्नीचीही नोकरी, मुलगी दोन वर्षांची. सभा संध्याकाळी साडेसातला. येऊन-जाऊन सव्वादोन तास. मी दर आठवड्याला सभेला जातो त्याचा अर्थ पत्नी दर आठवड्याला एकटी मुलीचं जेवण आणि झोप सांभाळते. ते सव्वादोन तास माझे नाहीत, तिचे आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या वेळी हा हिशेब कोणी मांडला नव्हता.

ताई, तुमच्या ज्येष्ठ सभासदांबद्दल वाचून गलबलून आलं. पण एकच विचारतो. त्यांना वाचवलं ते सभेने की तुम्ही तिघांनी? काळजी असेल तर फोन आहे. त्यासाठी चौतीस जणांनी दर आठवड्याला एका खोलीत बसलंच पाहिजे का? रोटरीनेही २०१६ साली विधी परिषदेत, म्हणजे नियम ठरवणाऱ्या सभेत, क्लबांना मोकळीक दिली, महिन्यातून किमान दोन सभा झाल्या तरी चालतात. जगभरातल्या अनुभवावरूनच दिली असणार ना?

नोंदवही

पायवाट, राग कसला! सव्वादोन तास तिचे आहेत, हे वाक्य मी आमच्या बोर्ड मीटिंगमध्ये तुमचं म्हणून वाचून दाखवणार आहे.

फोनबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. फोन करता येतो हे खरं, पण करायचं सुचतं कधी? त्या सहा महिन्यांत माझ्याकडे त्यांचा नंबर होता. मी एकदाही केला नाही, कारण माणूस बरा आहे असंच मी धरून चालले होते. त्यांची नेहमीची खुर्ची दोनदा रिकामी दिसली तेव्हा पोटात खड्डा पडला. आणि आम्ही तिघं गेलो ते त्यांच्याशी दर आठवड्याला बोलत होतो म्हणून. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या माणसाच्या दारात रात्री आठ वाजता न कळवता जायला माझे पाय उचलले नसते.

तिसरी घंटा

मी सात वर्षांनी क्लब सोडला. कुठला ते नको. तुमच्या सभेच्या वर्णनात एक गोष्ट राहिली : सत्कार.

आमच्याकडे तासातली पस्तीस मिनिटं सत्कारात जायची. आजी अध्यक्ष माजी अध्यक्षांचा करणार, माजी अध्यक्ष वक्त्याचा, मग प्रांतपालांच्या (भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांच्या) भेटीतली छायाचित्रं, मग कोणाला कुठली मानाची पिन मिळाली. वक्ता बिचारा ताटकळत बसलेला. एकदा शहरातून एक बाई श्रवणदोषावर बोलायला आल्या होत्या. लहान बाळाला ऐकू येत नाही हे जितक्या लवकर कळेल तितकी त्याची भाषा वाचते, हे त्या सांगणार होत्या. त्यांना नऊ मिनिटं मिळाली. मी शिक्षिका आहे, माझ्या वर्गात तेव्हा असं एक मूल होतं. त्या दिवशी मी ठरवलं की पुरे.

तेव्हा आठवड्याला की पंधरवड्याला, हा प्रश्न नंतरचा. त्या तासात काय होतं ते आधी बघा.

कंदील

तिसरी घंटा, अगदी हेच आमच्याकडे होतं. आम्ही बदललं, त्याला तीन वर्षं झाली. सगळे सत्कार महिन्यातल्या एकाच सभेत. वक्ता निवेदनांच्या आधी. आणि खर्चाच्या चर्चा फक्त बोर्डात. एवढ्याने सभा हलकी झाली.

पण खरा फरक पडला तो दुसऱ्या गोष्टीने. ‘माझं काम’ नावाने आम्ही महिन्यातली एक सभा सभासदांनाच दिली. मूळ कल्पना जुनीच आहे. रोटरीत पूर्वी एका व्यवसायाचा एकच माणूस घेत आणि नव्या सभासदाने आपल्या व्यवसायाबद्दल बोलायचं अशी रीत होती. नियम पुढे सैल झाला, बोलण्याची रीत बऱ्याच ठिकाणी मागे पडली. आम्ही ती परत आणली.

लहान गावात याचं मोल फार आहे. आपण सगळ्यांना ओळखतो असं वाटतं, पण ओळखतो ते गिऱ्हाईक म्हणून, पेशंट म्हणून, कोणाचं देणं लागतो म्हणून. वीजमंडळातल्या आमच्या सभासदाने वादळात तुटून पडलेल्या तारेबद्दल सांगितलं : तार जमिनीवर पडली की आजूबाजूच्या जमिनीतही वीज पसरते, मोठी पावलं टाकत पळालात तर दोन पायांमधल्या फरकाने झटका बसतो, म्हणून पाय जवळजवळ ठेवून, घासत घासत दूर व्हायचं. वीस वर्षं मी त्या माणसाला बिलाची तक्रार सांगत होते. त्याला काय काय माहीत आहे हे मला त्या रात्री कळलं. पुढच्याच महिन्यात तो हेच गावातल्या सगळ्या शाळांत सांगून आला.

आणि पायवाट, बायकांबद्दल बोललात म्हणून सांगते. या क्लबांची दारं आम्हाला फार उशिरा उघडली. कॅलिफोर्नियातल्या डुआर्ट क्लबाने तीन स्त्रियांना सभासद केलं, म्हणून १९७८ मध्ये रोटरीने त्यांची सनद, म्हणजे क्लब म्हणून असलेली मान्यता, काढून घेतली. त्यांनी नावापुढे ‘माजी’ लावलं आणि भेटणं चालू ठेवलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ मे १९८७ रोजी निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. लायन्सनेही त्याच वर्षी स्त्रियांना प्रवेश दिला. रोटरीची घटना १९८९ मध्ये बदलली. सनद नसताना ती माणसं इतकी वर्षं कशाच्या जोरावर एकत्र राहिली असतील, हा विचार मी पुष्कळदा करते. सनद गेली तरी सभा होती.

रक्तपेढीवाला

मी सेवाक्लबचा सभासद नाही. रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, आणि या क्लबांचं काम पलीकडच्या बाजूने बघतो. माझ्याकडे एक मुद्दा आहे जो इथे कोणी मांडला नाही.

क्लबांना मोठं शिबिर आवडतं. एका दिवसात दोनशे बाटल्या, फलक, छायाचित्र. आम्ही आभार मानतोच. पण रक्त साठवून ठेवायला मर्यादा आहे. लाल पेशी नीट ठेवल्या तर जास्तीत जास्त ४२ दिवस. प्लेटलेट्स साधारण पाच दिवस. एकदा दिलेला दाता पुढचे काही महिने देऊ शकत नाही. म्हणजे एका दिवशी दोनशे जणांनी दिलं की प्लेटलेट्सचा बराच भाग वापराविना जाण्याची भीती, आणि दीड-दोन महिन्यांनी कोणाला गरज पडली तर तेच दोनशे जण अजून देऊ शकत नाहीत.

आमच्या भागातल्या एका क्लबाने शिबिर बंद केलं. त्यांच्या सभेच्या दिवशी पाच-सहा जण येऊन देऊन जातात, दर आठवड्याला वेगळे. कोणाची पाळी आहे ते आदल्या सभेत ठरतं. फलक नाही, काही नाही. पण बुधवारी माझ्याकडे ताजं रक्त असतं हे मला माहीत असतं. असा क्लब महिन्यातून दोनदा भेटू लागला तर ती साखळी कशी टिकेल मला सांगता येत नाही.

पायवाट

हे मला माहीत नव्हतं. रक्तदानाचं काम आमच्याकडे माझ्याच समितीकडे आहे. तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवतोय.

उंबरठा

माझे वडील सत्त्याऐंशी वर्षांचे, लायन्स क्लबचे जुने सभासद. मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने १९१७ मध्ये शिकागोत लायन्सची सुरुवात केली आणि १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी लढायचं आवाहन केलं, हे त्यांनी मला लहानपणी इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. नेत्रशिबिरांत त्यांचं आयुष्य गेलं. आता त्यांना स्वतःलाच कमी दिसतं आणि जिना उतरता येत नाही.

२०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा त्यांच्या क्लबाने ऑनलाइन सभा सुरू केली, आणि नंतर खोलीतल्या सभेत एक फोन उभा करून ती चालू ठेवली. बाबा दर आठवड्याला इस्त्रीचा सदरा घालून, कोटाला पिन लावून पडद्यापुढे बसतात. पण नोंदवही ताई, तुम्ही म्हणता ती दुसऱ्या घंटेनंतरची वेळ त्यांना मिळत नाही. घंटा झाली की कोणीतरी फोन बंद करतं. बाबा काही क्षण काळ्या पडद्याकडे बघत बसतात. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

नोंदवही

उंबरठा, आमच्याकडेही असाच फोन उभा असतो आणि तो बंद मीच करते. गेल्या आठवड्यापासून करत नाही. घंटेनंतर एकेकाने तो फोन हातात घेऊन समोरच्याशी बोलायचं ठरवलंय. तुमच्या बाबांच्या क्लबात सांगून बघा, कोणी नाही म्हणणार नाही. त्यांना फक्त लक्षात आलं नसेल.

जुना सभासद

उंबरठा, बाबांना माझा नमस्कार सांगा.

पायवाट, हजेरीबद्दल तुमच्यासाठी एक सांगायचं राहिलं. लागोपाठ चार सभा चुकल्या तर सभासदत्व जाऊ शकतं, असा जुना नियम होता. आमच्या पिढीने तो धाक म्हणून वापरला आणि त्यामुळे चांगली माणसं गमावली. लहान मूल घरी असलेल्या माणसाला आम्ही नोटीस पाठवलेली आहे. नोटिशीच्या जागी कोणीतरी त्याच्या घरी जायला हवं होतं. ती चूक आमची.

नोंदवही

मंडळी, ठरावाचं काय झालं ते सांगायला आले.

चर्चा दोन तास चालली. तुमची बरीच वाक्यं वाचून दाखवली. शेवटी ठराव मागे घेतला गेला, पण जसं होतं तसंही राहिलं नाही. सभा दर आठवड्याला राहील, पाऊण तासाची, संध्याकाळी सहाला, म्हणजे लहान मुलांच्या झोपेच्या आधी सगळे घरी. मुलांना घेऊन यायला हरकत नाही, शेजारची खोली उघडी ठेवणार. महिन्यातली एक सभा कोणाच्या तरी कामाच्या जागी : पहिली आमच्या लोहार सभासदाच्या भट्टीपाशी. आणि एक सभा म्हणजे प्रत्यक्ष काम, त्या दिवशी घंटा नाही, वक्ता नाही. रोजच्या सभेतलं जेवण बंद केलं, त्यामुळे वर्गणी कमी झाली आणि दोघी जणी ज्या खर्चामुळे येत नव्हत्या त्यांनी परत यायचं कबूल केलं. सत्कार वर्षातून एकदा.

तीन जणांनी विरोधात मत दिलं. त्यांतले एक नाराज आहेत, उद्या त्यांच्याकडे जाणार आहे.

आणि रजिस्टर आता माझ्या एकटीकडे नाही. दर महिन्याला एक जण ते घरी नेणार, लागोपाठ दोनदा न आलेल्याला भेटून येणार. पहिला महिना त्या ज्येष्ठ सभासदांनी स्वतःहून मागून घेतला.

पायवाट

अभिनंदन ताई. तुमचं वाचून मी परवा आमच्या सचिवांकडे आमचं रजिस्टर मागितलं. एक नाव सहा आठवडे कोरं होतं. माझ्याच समितीतला माणूस, माझ्याच वयाचा, आणि मला पत्ता नव्हता. सभा पंधरवड्याची करा म्हणून मी जी यादी फिरवली होती तिच्यावर त्याची सही आहे.

फोन केला. आधी म्हणाला, काही नाही, कामात आहे. मग थांबला आणि म्हणाला, येतोस का?

मुलीला कडेवर घेऊन निघालोय. बाकी आल्यावर लिहितो.